पंधरा इंची बागगाडी: ओतकाम पक्कं, ओढ अर्धीच

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं ऑर्डरवर बनवलेली ही बॅटरीवरची बागगाडी खानापूर रस्त्यालगतच्या एका कृषी पर्यटन केंद्रात चालते. एक इंजिन, बारा-बारा मुलांचे तीन डबे, ९ मीटर त्रिज्येची वळणं आणि एका बाजूला ६० ला १ (६० मीटरला एक मीटर) असा चढ. अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना निकाल आधीच सांगून टाकतो: चाकांचं ओतकाम आणि सांगाडा डोळे झाकून घ्या. इंजिनाच्या आसांची जोडणी, रूळ आणि डब्यांचे जोड-ब्रेक मात्र ऑर्डर देतानाच बदलून मागा.

गाडी जोखायला माप घेतलंय ते सर आर्थर हेवूड यांचं, कारण हिचं १५ इंची म्हणजे ३८१ मिलिमीटरचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) मुळात त्यांचं. १८४९ साली जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले हे इंग्रज बॅरोनेट. आधी त्यांनी ९ इंची गाडी करून पाहिली, पण माणसं बसवायला ती डगमगती ठरली. मग १८७४ पासून डर्बीशरमधल्या डफील्ड इथं, स्वतःच्या घरामागच्या टेकडीवर त्यांनी १५ इंची रेल्वे उभारली. वळणाची त्रिज्या २५ फुटांपर्यंत, चढ काही ठिकाणी १० ला १. खेळणं म्हणून नव्हे, तर शेतं, मळे आणि सैन्याला माल वाहणारी सर्वांत लहान उपयोगी रेल्वे म्हणून. सैन्यानं ती घेतली नाही. मोठं काम मिळालं ते एकच, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या ईटन हॉल या वाड्याचं. १८९६ पासून तिथं कोळसा, विटा आणि खडी त्या रुळांवरून जाऊ लागली. हेवूड १९१६ मध्ये गेले. त्यांनी १८९४ साली बनवलेल्या ‘म्युरिएल’ इंजिनाचा गाभा पुढे इंग्लंडमधल्याच रेव्हनग्लासच्या छोट्या रेल्वेवर ‘रिव्हर अर्ट’ या नावानं नव्यानं बांधला गेला आणि अजून धावतो. इतकं टिकाऊ काम करणाऱ्या माणसाच्या कसोटीवर नवी गाडी घासून पाहणं रास्तच आहे.

त्या ‘म्युरिएल’ला आठ चाकं होती आणि आठही ओढणारी. इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडलं पाहिजे, फुकट फिरणारं एकही चाक नको, हा हेवूड यांचा हट्ट. आपल्या बागगाडीत नेमकं हेच चुकलंय. इंजिन बॅटऱ्यांसकट ६०० किलोचं, पण मोटरची साखळी फक्त मागच्या आसाला. त्या आसावर भार ३२० किलो. भरलेली गाडी साधारण २,४०० किलो धरा. ६० ला १ चढावर नुसत्या चढासाठी ४० किलोची ओढ लागते, रुळावरचा रोध धरून ६५. कोरड्या रुळावर भाराच्या पाव हिश्शाइतकी पकड मिळाली तर ८० किलो ओढ निघते आणि गाडी जाते. जूनचा पाऊस लागला की पकड दहाव्या हिश्शावर येते: ३२ किलो. चाक जागच्या जागी गरगरतं, मोटर तापते, आणि मालक म्हणतो मोटर लहान पडली. ३ किलोवॅटची मोटर मुळीच लहान नाही. ताशी ६ किलोमीटर वेगाला त्या चढावर जेमतेम एक किलोवॅट लागतो. दोन्ही आस साखळीनं जोडून घ्या, खर्च दोन स्प्रॉकेट (दातेरी चाकं), एक साखळी आणि एक ताणपुली एवढाच. पावसात तरीही ६० किलोच मिळतील, म्हणून पुढच्या चाकांसमोर कोरड्या वाळूची नळी हवी. वाळू चाळलेली आणि भाजलेली ठेवा, ओली वाळू नळीत अडकते.

चाकांचं ओतकाम मात्र उत्तम. किर्लोस्करवाडीला जाण्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढले ते बेळगावातच, तो हात अजून इथं आहे. साध्या बिडाच्या चाकाची कड (फ्लँज) ठोकर बसली की तुकडा उडतो. इथं एसजी आयर्न, म्हणजे कमी ठिसूळ बीड वापरलंय, ते बरं. चाक २५० मिलिमीटर व्यासाचं, त्याच्या रुळावर टेकणाऱ्या भागाचा उतार २० ला १, लेथचं काम स्वच्छ. एका डब्याच्या दोन आसांवर चाकांच्या पाठी-पाठीतलं (आतल्या बाजूंमधलं) अंतर ३ मिलिमीटरनं वेगळं निघालं, तो डबा चालताना हिसका देतो. चाक दाबून बसवल्यावर प्रत्येक आस गेजपट्टीनं तपासून घ्यावा.

वळणावरची किरकिर हा मात्र कारखान्याचा दोष नाही, तो भूमितीचा आहे. एका पूर्ण फेरीत बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा २.४ मीटरनं लांब असतो, त्रिज्या कितीही घ्या. ९ मीटरच्या वळणाला दोन चाकांच्या त्रिज्येत ५.३ मिलिमीटरचा फरक लागतो, आणि चाकाचा उतार ५ मिलिमीटर सरकून जेमतेम अर्धा मिलिमीटर देतो. बाकीचं चाक घासून भरून काढतं. डब्यांच्या प्रत्येक आसावर एक चाक बेअरिंगवर सुटं ठेवलं की किरकिर बरीच थांबते. इंजिनाची चाकं पक्कीच राहू द्या, पण त्यांच्या कडेला ग्रीस लावा. ग्रीस रुळाच्या माथ्यावर गेलं तर पकड गेलीच.

रूळ हा सगळ्यात कच्चा भाग. ५० बाय १० मिलिमीटरची पट्टी उभी करून वेल्ड केली आहे. १० मिलिमीटरच्या माथ्यावर चाक चालून चालून त्यात खाच पडते. खाणीत वापरतात तसला हलका सेकंडहँड रूळ मिळाला तर तोच घ्या. शिवाय इथं सांधेच ठेवलेले नाहीत. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की ६ मीटरचा रूळ सुमारे ३ मिलिमीटर वाढतो, ६० मीटरचा २९. काँक्रीटमध्ये जखडलेला रूळ मग सरळ भागात वाकतो, आणि एप्रिलमध्ये तो वाकलाय. फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) लावा आणि थंडीच्या सकाळी सांध्यात ३ मिलिमीटर फट सोडा.

खानापूर बाजूच्या मुरमात १५० मिलिमीटर कुटलेला थर आणि त्यावर १०० मिलिमीटर खडी पुरते. अथणी, रायबागच्या काळ्या मातीत तसं चालणार नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि रूळ पिळतो. किमान दीड फूट माती काढून मुरूम भरा आणि कडेनं चर काढा.

डब्यांना ब्रेक नाहीत आणि जोड साखळीचे आहेत, ही तडजोड अजिबात करू नका. उतारावर डबे इंजिनावर आदळतात. पिन घातलेला सरळ दांडा, सोबत सुरक्षेची साखळी आणि निदान शेवटच्या डब्याला ब्रेक हवाच.

कास्टिंगचा भाव किलोवर, लेथचा नगावर असतो, म्हणून कोटेशन फोडून मागा. शेवटचा हप्ता देण्याआधी ३० किलोच्या ३६ वाळूच्या गोण्या डब्यांत ठेवा, चढाच्या मध्यावर गाडी उभी करा, रुळांवर दोन बादल्या पाणी ओता आणि गाडी सुरू करायला सांगा. चाक एका फेरीपेक्षा जास्त घसरलं तर हप्ता थांबवा.