एपकॉट की डिस्नी स्प्रिंग्ज: जेवायचं कुठे?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये निवांत जेवायला एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर माझं मत एपकॉटला. १९८२ साली सुरू झालेल्या या पार्कात तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत. थोडं चालायचं, थोडं खायचं, पुन्हा चालायचं. मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये शिरलं की भर दुपारीसुद्धा तिन्हीसांजा झालेल्या असतात, आणि सान आन्हेल इनमध्ये जेवताना शेजारून संथपणे होड्या जातात. तिथलं वातावरण मला जेवणाइतकंच आवडतं. इटलीच्या दालनातल्या व्हिया नापोलीत लाकडावर पेटणाऱ्या तीन भट्ट्या आहेत, त्यांना एटना, व्हेसुव्हियो, स्ट्रॉम्बोली अशी ज्वालामुखींची नावं दिली आहेत. शाकाहारी माणसाचंही इथे पिझ्झ्यावर छान भागतं.

मात्र पार्कचं तिकीट काढल्याशिवाय यातलं काहीच नाही. नुसत्या जेवणासाठी तेवढा खर्च करू नका.

डिस्नी स्प्रिंग्ज म्हणजे डिस्नी वर्ल्डमधलाच दुकानं आणि हॉटेलांचा भाग; तिथे तिकीट लागत नाही, पार्किंगही फुकट. म्हणून पोहोचल्या दिवशी, सामान टाकून, तिथेच जावं. नावाजलेल्या शेफची हॉटेलं इथे आहेत: होसे आंद्रेस यांच्या हालेओमध्ये स्पॅनिश पदार्थ छोट्या ताटल्यांतून येतात, चौघांनी वाटून खायला उत्तम. पण दुकानांची गर्दी, गोंगाट खूप. एपकॉटच्या तळ्याकाठचा निवांतपणा नाही.

टेबल दोन्हीकडे आधीच राखून ठेवा. बहुतेक ठिकाणी ६० दिवस आधीपासून आरक्षण मिळतं.