घर आमचं, बयाणा घेतला तिसऱ्यानेच

गावातलं घर विकायचं असलं की पूर्वी पानठेल्यावर आणि दोन-चार सोयऱ्यांच्या कानावर घातलं तरी पुरायचं. आता गिऱ्हाईक गावात नसतं. रिटायर झाल्यावर ज्याला गावाकडे मोकळी जागा हवी, तो पुण्याला नाहीतर नागपूरला बसून मोबाईलवर घरं बघतो. त्यामुळे फोटो काढून ऑनलाईन जाहिरात देण्यात गैर काहीच नाही. मी लिहितेय ते फोटो आणि कागद कुणाच्या हाती पडतात त्याबद्दल.

घर दारव्हा तालुक्यातलं. पुढे वडिलांनी बांधलेला स्लॅबचा भाग, मागे आजोबांच्या वेळची कवेलूची सपरी, सागाचे खांब, विहीर आणि गुरांचा कोठा. वडील गेल्यावर नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदीत, आईचं नाव चढलं. आई अजून तिथेच राहते, पण गुडघे साथ देत नाहीत, म्हणून घर काढायचं आणि तिला यवतमाळला आणायचं ठरलं. किंमत सांगितली १४ लाख.

धाकट्या भावाने एका खरेदी-विक्रीच्या साईटवर जाहिरात टाकली, तशी आधी फौज आली. एकाची बदली म्हणे पुलगावच्या लष्करी डेपोत झाली होती. घर न बघताच त्याला पसंत होतं. बयाणा तो ‘आर्मीच्या खात्यातून’ पाठवणार होता, आम्ही फक्त त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायचा. भावजय बचत गटाचे हिशेब बघते, तिने फोन तिथेच कापला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. हा प्रकार आता बहुतेकांना ठाऊक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

त्याच्यानंतर जो आला, तो असा घाईचा नव्हता. नागपूरहून बोलतोय म्हणाला. बोलणं मऊ, आईला काकू म्हणणारा. ‘तुमचे फोटो अंधारे आहेत, बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्यातून घर कळत नाही. आम्ही चांगल्या कॅमेऱ्याने फोटो, ड्रोनचा व्हिडिओ, घरभर फिरून दाखवणारी व्हर्च्युअल टूर करतो आणि चार-पाच साईटवर टाकतो.’ पॅकेज ६,५०० रुपयांचं. आधी २,०००, बाकीचे घर विकल्यावर. मोठी रक्कम मागितली असती तर भाऊ थांबला असता. एवढ्याशा पैशांत कोण फसवणार, असं कुणालाही वाटेल, आणि सगळी गोम तिथेच होती. त्याला आमचे २,००० नकोच होते.

ठरल्या दिवशी मोटरसायकलवर एक पोरगा खरोखरच आला. खांद्याला भारी कॅमेरा, पिशवीत छोटं ड्रोन. सगळ्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडायला लावून सकाळच्या उन्हात त्याने मन लावून काम केलं. आमच्या गावात स्वामित्व योजनेच्या, म्हणजे गावठाणातली घरं मोजून मालकाला मिळकत पत्रिका देण्याच्या सरकारी योजनेच्या, मोजणीच्या वेळी चुन्याच्या रेषा मारून ड्रोन फिरवलं होतं, त्यामुळे ड्रोन दिसलं की सरकारी काम, असा समज. शेजारच्या काकांनी त्याला विचारलंच, ‘आमची पत्रिका कधी येते जी?’

हा पोरगा लबाड नव्हता. तालुक्यात लग्नाचे फोटो काढणारा. त्याला फोनवर काम मिळालं होतं, फोटो एका लिंकवर चढवायचे एवढंच सांगितलेलं. त्याचीही मजुरी बुडाली. पण दारात आलेला माणूस खरा होता, म्हणून फोनवरचाही खरा वाटला.

आठवड्याभरात फोटो आले. आई ते बघून हसायलाच लागली. सपरी दुप्पट लांब, आभाळ निळंशार, समोरच्या विजेच्या खांबाचा पत्ता नाही, आणि जिथे आम्ही तुरी वाळवतो त्या अंगणात हिरवंगार लॉन. भावाने हरकत घेतली तर फोनवरचा माणूस म्हणाला, ‘सगळे असंच करतात.’ लांबी वाढते ती रुंद भिंगाने, लॉन उगवतं ते सॉफ्टवेअरमध्ये. खरं गिऱ्हाईक असे फोटो बघून आलं तरी अंगणात पाय ठेवताच मागे फिरेल, हा तोटा वेगळाच.

मग त्याने कागद मागितले. जाहिरातीवर ‘व्हेरिफाईड’ची खूण हवी तर नमुना आठ, घरटॅक्सची पावती, लाईट बिल आणि आईचं आधार, दोन्ही बाजू. शिवाय छोटासा व्हिडिओ: आईने दारात उभं राहून नाव सांगायचं आणि म्हणायचं, ‘हे घर माझ्या नावावर आहे, मला विकायचं आहे.’ खोटं त्यात काहीच नव्हतं. सगळं पाठवलं गेलं. त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले. ‘सध्या मार्केट थंड आहे काकू,’ एवढंच.

एका रविवारी दारात चारचाकी थांबली. दिग्रसकडचं कुटुंब होतं. म्हातारे आजोबा, त्यांचा मुलगा, सून, दोन लेकरं. सोबत नारळ आणि पेढे. आजोबांनी घरावरून नजर फिरवली आणि म्हणाले, ‘बाई, हे घर तुमचंच व्हय ना? आमी बयाणा देल्ला हाये.’

आईला वाटलं, भावाने तिला न सांगता सौदा केला. सुनेने मोबाईल काढून दाखवला. त्यात आमचेच फोटो, लॉनसकट, आणि किंमत साडेसहा लाख, ‘तातडीने विकणे’. शिवाय आईचा व्हिडिओ. आई स्वतः सांगतेय की घर माझं आहे आणि विकायचं आहे. त्यावर कोण शंका घेणार? त्या लोकांनी कागद मागितले होते, त्यांना नमुना आठ मिळाला, पावती मिळाली, आधार मिळालं. ‘बाई आजारी आहे, सगळा व्यवहार मुलगा बघतो,’ असं सांगून स्वतःला मुलगा म्हणवणाऱ्याने ५१,००० रुपये घेतले. त्या खात्यावर नाव तिसऱ्याच कुणाचं होतं. विचारलं तर म्हणे बायकोचं.

पुढचा तासभर फार वाईट गेला. त्या मुलाचा आवाज चढला, शेजारी जमले, आणि संध्याकाळपर्यंत गावात बोलणं फिरलं की म्हातारीने एकच घर दोघांना विकलं. आईला त्याचंच लागलं. पेढ्यांचा पुडा ती माणसं ओट्यावर तसाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र आजोबांनी स्वतः भावाला फोन केला आणि दोन्ही घरं मिळून पोलिसांत गेलो. हे फार उपयोगी पडलं. त्यांची तक्रार पैशांची, आमचा अर्ज आईच्या ओळखीचा आणि कागदांचा गैरवापर झाल्याचा. दोन्ही जोडून दिल्याने आईकडे संशयाने बघायचं कारण उरलं नाही. अशा गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी लागतं, असं तिथे सांगितलं. १९३० या हेल्पलाईनवरही नोंद केली. पण ती हेल्पलाईन पैसे गेल्या गेल्या फोन केला तर जास्त कामाची. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. इथे बयाणा देऊन बरेच दिवस लोटले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. नंबर बंद.

भाच्याने आमचा एक फोटो गूगल लेन्सवर टाकला, तर तेच घर आणखी ठिकाणी निघालं. कुठे विक्रीला, कुठे फार्महाऊस म्हणून भाड्याने. प्रत्येक साईटवर तक्रार करावी लागली. साईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता द्यावाच लागतो, ते पान शोधून पोलिसांच्या अर्जाची पोच जोडून लिहिलं की जाहिरात उतरते, नुसतं ‘रिपोर्ट’चं बटण दाबून आम्हाला उत्तर आलं नाही.

आता आमची जाहिरात नव्याने टाकलीय. फोटो भाचीने साध्या मोबाईलने काढले, सकाळी, ऊन चढायच्या आत. विजेचा खांब आहे तिथेच ठेवला. विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं तेही लिहिलं, कारण खरं गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं. प्रत्येक फोटोवर मधोमध भावाचा नंबर आणि ‘बयाणा फक्त गावात, समोरासमोर’ ही ओळ आहे. कोपऱ्यात टाकली असती तर कापून काढता येते. मूळ फाईल कुणाला द्यायची नाही. मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर मूळ फाईलमध्ये घराचा नेमका ठावठिकाणाही जातो. मालकाचा व्हिडिओ तर अजिबात नाही.

कागद घरी बसून दाखवायचे. आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्याच्या प्रतीवरही आम्ही कारण आणि तारीख आडवी लिहितो.

घेणाऱ्यांनाही एक सांगायचंय. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. ज्या गावठाणाची स्वामित्वमधून मोजणी झाली तिथे मिळकत पत्रिका मागा, दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या दस्तांचा शोध घ्या, आणि रुपया द्यायच्या आधी त्या घराच्या शेजाऱ्याला भेटा. दिग्रसच्या त्या सुनेने आम्हाला सांगितलं की गावी जाऊन यायचं तिने दोनदा सुचवलं होतं. समोरच्याने प्रत्येक वेळी ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय’ म्हणून घाई केली.

मागच्या महिन्यात तीच जाहिरात नव्या नंबरवरून पुन्हा दिसली, आता ‘समृद्धीला लागून’ म्हणून. समृद्धीवर चढायला आम्हाला कारंजा लाड गाठावं लागतं. तीही उतरवली. पण फोटो बाहेर आहेत तोवर ती पुन्हा वर येणार. तेव्हा सागाचे खांब, कवेलूची सपरी आणि समोर हिरवंगार लॉन असलेलं दारव्ह्याकडचं घर कुणी स्वस्तात दाखवत असेल तर पैसे देऊ नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट नंबरासकट काढून ठेवा आणि सायबर पोलिसांना कळवा. आमच्या तक्रारीत तोही जोडता येईल.