कंसातलं फेकून देणारी सेवा: कोरियन गावांची नावं जुळवताना आलेला अनुभव

गावांची नावं विकिडेटाशी जुळवून देणारी एक सशुल्क ऑनलाइन सेवा मी घेतली होती. कंसातला मजकूर ती वाचतच नाही. आठेक महिने पैसे भरल्यावर हे कळलं, आणि तेही कंपनीने सांगितलं म्हणून नव्हे, तर जुळण्या मी स्वतः एकेक तपासायला बसलो म्हणून.

माझं काम रटाळ आहे. चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांना सुटे भाग पाठवणाऱ्या कोरियन पुरवठादारांचे पत्ते येतात. त्यातलं प्रत्येक गाव विकिडेटातल्या (विकिपीडियाच्या भावंड माहितीकोशातल्या) योग्य क्यू-क्रमांकाला, म्हणजे नोंदीच्या ओळख-क्रमांकाला, जोडायचं. सुरुवातीला सेवा डोक्यावर घ्यावीशी वाटली. दक्षिण कोरियाने २००० साली रोमन स्पेलिंगचे नियम बदलले. आधीच्या कागदांवर पुसान, तेगू, क्वांगजू, नंतरच्यांवर बुसान, देगू, ग्वांगजू. जुनं टाका, नवं टाका, नाहीतर सरळ हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, टाका, सेवा न अडखळता एकाच नोंदीवर आणून ठेवते.

मग ग्वांगजूची गोम लक्षात आली. ग्वांगजू दोन आहेत. एक नैऋत्येचं महानगर, मोटारींच्या कारखान्याचं. दुसरं ग्योंगी प्रांतातलं, सोलच्या आग्नेयेला. हांगुलमध्ये दोन्ही हुबेहूब सारखी. फरक फक्त हान्जात, म्हणजे चिनी अक्षरांत: महानगराच्या नावात ‘प्रकाशा’चं अक्षर, ग्योंगीतल्या नावात ‘विस्तीर्ण’चं. घोटाळा होऊ नये म्हणून लिहिणारा नावापुढे कंसात हान्जा देतो. आणि ही सेवा मजकूर ‘स्वच्छ’ करताना नेमका कंसच उडवते! उत्तर हातात दिलेलं असताना ते टोपलीत टाकायचं, दोन्ही ग्वांगजू महानगराच्या नावावर चढवायची, आणि वर शंभरपैकी नव्वदच्या पुढे स्कोअर दाखवायचा. गोसोंगचंही तसंच. एक काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) गांगवॉन प्रांतात उत्तर सीमेला, दुसरी दक्षिण ग्योंगसांगच्या किनाऱ्यावर, आणि फरक पुन्हा हान्जातच.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, स्कोअर चांगला असेल तर जुळणी विश्वासार्ह धरावी. उदाहरणं जोडून पुन्हा लिहिलं. या वेळी सल्ला मिळाला की प्रांताचा रकाना पाठवा, फक्त ती सोय वरच्या योजनेत आहे. म्हणजे कंस तुम्ही खोडणार आणि तो भरून काढायचे पैसे मी मोजायचे. मी पुण्यात राहतो हो.

म्हणून ओपनरिफाइन या माहिती साफ करण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. फुकट आहे, आपल्याच मशीनवर चालतं. हान्जाचा वेगळा रकाना काढला, प्रांताचा रकाना पी१३१ ला (विकिडेटातला ‘कोणत्या प्रशासकीय विभागात’ हा गुणधर्म) जोडला, आणि रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे नावं नोंदींशी जुळवताना, उमेदवार नोंदी समोर दिसायला लागल्या. जुंग-गूसारखी नावं (‘गू’ म्हणजे शहरातला विभाग; सोल, बुसान, देगू, देजॉन, उल्सान, प्रत्येक शहरात एकेक) शहर दिल्यावर पटापट सुटली.

प्रांत दिला की प्रश्न मिटला, असं तेव्हा मत झालं होतं. ते टिकलं नाही, गुनवीमुळे. ही काउंटी १ जुलै २०२३ ला उत्तर ग्योंगसांगमधून देगू महानगरात गेली. जुन्या पत्त्यावर जुनाच प्रांत, म्हणून आजच्या विभागावर चाळणी लावली की गुनवी गळतं. गंमत म्हणजे त्या सशुल्क सेवेने गुनवी बरोबर जुळवलं होतं, कारण माझ्या योजनेत ती प्रांत बघतच नाही!

तेव्हापासून कागदाची तारीखही एका रकान्यात ठेवतो. तिचा फायदा ग्वांगजूलाही झाला. ग्योंगीतलं ग्वांगजू २००१ मध्ये शहर झालं, त्याआधी ती काउंटी होती. त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदावर नावामागे शहराचा ‘सी’ असेल तर ते नैऋत्येचं महानगरच, काउंटीचा ‘गुन’ असेल तर ग्योंगीतलं. हान्जा नसला तरी चालतं.

वार्षिक योजना बंद करतोय. महिन्याची सर्वांत स्वस्त तेवढी ठेवलीय, तीही २०००च्या आधीच्या, अपॉस्ट्रॉफी आणि स्वरांवरच्या खुणा गळालेल्या स्पेलिंगांपुरती. लहान गावांची अशी पर्यायी नावं विकिडेटात बऱ्याचदा नोंदलेली नसतात, आणि तिथे सेवा खरंच उजवी आहे. हे मान्य करताना जीवावर येतं, पण आहे.

घेणारच असाल तर आधी चाचणी खात्यात दोन्ही ग्वांगजू कंसासकट टाकून बघा. सोलचे पत्ते असतील तर सिन्सा-दोंग ही वस्तीही टाका. एक गांगनाम-गूमध्ये, एक उन्प्योंग-गूमध्ये, दोन्ही सोलमध्येच, त्यामुळे शहराचा रकाना तिथे काही कामाचा नाही, गू द्यावंच लागतं.