‘व्ही’: आधी जुनी की नवी, आणि परत यावी तर कुठली?

मालवणात माझा मावसभाऊ ट्रॉलरवर जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. लहान होड्या झापांखाली गेल्या की जाळी शिवण्याखेरीज त्याच्या हाताला काम नसतं. यंदा त्याने विचारलं, “तुझी ती ‘व्ही’ बघूक घेतंय. पण खयची? जुनी काय नवी?”

परग्रहवासी पृथ्वीवर येतात त्या मालिकेबद्दल तो विचारत होता. आखातातून सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्याने आणलेल्या कॅसेटवर मी ती लहानपणी पहिल्यांदा पाहिली. ती परत यावी म्हणून आजही वाट पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्यामुळे उत्तर एका वाक्यात देता येईना.

जुनी ‘व्ही’ म्हणजे १ आणि २ मे १९८३ रोजी अमेरिकेत एनबीसीवर दाखवलेले दोन भाग. लेखन-दिग्दर्शन केनेथ जॉन्सन यांचं. पन्नास अजस्र यानं जगातल्या मोठ्या शहरांवर येऊन थांबतात. त्यांतून माणसांसारखेच दिसणारे, लाल गणवेशातले, गोड बोलणारे पाहुणे उतरतात. त्यांना आपल्याकडून काही रसायनं हवी असतात आणि बदल्यात ते विज्ञान देणार असतात. खरं तर त्यांना हवं असतं पृथ्वीचं पाणी, आणि खायला माणसं. कातडीखाली ते सरपटणारे प्राणी निघतात.

राजापूरची गोष्ट ठाऊक असलेल्या कोकणी माणसाला हे ओळखीचं वाटेल. इंग्रजांची तिथली वखार व्यापारासाठी होती. पण १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले ते तिथलेच इंग्रज, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर छापा घालून त्याचा हिशेब चुकता केला. माल घ्यायला आलेला पाहुणा तोफ कधी काढतो, यावर या किनाऱ्याने बरंच सोसलं आहे.

आणि पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही आमच्या वाडीची बाव एप्रिलात तळ दाखवते, कारण जांभ्यातून आणि उतारावरून सगळं समुद्राला मिळतं. दोर दोन हात वाढवावा लागतो, कळशी अर्धी भरते आणि तिच्या बुडाशी तांबडी माती बसलेली असते. मालवणासमोरचा सिंधुदुर्ग खाऱ्या समुद्रात उभा राहू शकला तो दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींमुळे. ‘पाहुणे पाणी न्यायला आलेत’ हे वाक्य इथे ऐकताना अंगावर काटा येतो.

पण जुन्या ‘व्ही’चं खरं बळ यानांत नाही, शेजारात आहे. जॉन्सन यांना कल्पना सुचली ती अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल या सिंक्लेअर लुईस यांच्या १९३५ च्या कादंबरीवरून. म्हणून पाहुणे आधी शास्त्रज्ञांना बदनाम करतात, मग त्यांची नोंदणी करतात. नाझींच्या छळातून वाचलेला अब्राहम नावाचा म्हातारा एका शास्त्रज्ञाच्या कुटुंबाला लपवायला तयार होतो, आणि त्याचा स्वतःचा नातू पाहुण्यांच्या युवक संघटनेत जाऊन बातमी फोडतो. पाहुण्यांच्या पोस्टरवर पोरं रंगाने काहीतरी फराटे मारत असतात, तेव्हा हाच म्हातारा त्यांच्या हातातला फवारा घेऊन लाल रंगात ‘व्ही’ काढून दाखवतो. व्ही म्हणजे विजय. मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य हेच आहे.

नवी ‘व्ही’ नोव्हेंबर २००९ ते मार्च २०११ एबीसीवर चालली, दोन हंगाम, बावीस भाग. इथे यानं एकोणतीस. चित्रं चकचकीत, वेग चांगला, आणि मोरेना बॅकरिन यांनी साकारलेली पाहुण्यांची म्होरकी ॲना जबरदस्त. माझी आजी एकदा शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “ही बाय हसता खूप. इतको हसणारो माणूस कायतरी मागूक इल्लो आसता.” ॲनाबद्दल यापेक्षा नेमकं मी काही वाचलेलं नाही. या पाहुण्यांचं आमिष आहे उपचार: दुर्धर आजार बरे करणारी केंद्रं. मोठं दुखणं आलं की गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा रस्ता धरणाऱ्या सिंधुदुर्गातल्या माणसाला ते आमिष पाण्याइतकंच खरं वाटतं. मुलाखतीआधी ॲना पत्रकाराला बजावते, आम्हाला वाईट दाखवणारा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रसंग उत्तम आहे. मात्र गोष्ट हळूहळू ॲनाच्या घरातल्या कटकारस्थानांत अडकते आणि गल्लीतली साधी माणसं मागे पडतात. जुन्या मालिकेतल्या खलनायिकेची, डायनाची, भूमिका करणाऱ्या जेन बॅडलर दुसऱ्या हंगामात ॲनाची आई म्हणून येतात, जुन्या प्रेक्षकाला तेवढा आनंद.

वेळेचा हिशेब सोपा आहे. १९८३ चे दोन भाग सव्वातीन तासांच्या आसपास, त्याच गोष्टीचा १९८४ चा पुढचा, तीन भागांचा ‘फायनल बॅटल’ साडेचार तास. हा दुसरा जॉन्सन यांच्या हातून निसटला होता. त्यात थरार आहे, शेवट मात्र घाईत जादूने सोडवल्यासारखा. त्यानंतरची एकोणीस भागांची साप्ताहिक मालिका अर्धवट तुटली, नवीही तशीच. म्हणून भावाला सांगितलं: पहिल्या दोन रात्री १९८३, मग ‘फायनल बॅटल’, साप्ताहिक सोडून दे, आणि जुलैत वेळ उरला तर ॲना. उलट क्रमाने पाहिलीस तर जुनीची यानं तुला खेळण्यातली वाटतील आणि अब्राहमपर्यंत तू पोचणार नाहीस.

आता परत येण्याचं. २०१८ मध्ये जॉन्सन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपटत्रयीची घोषणा झाली होती, पण ते चित्रपट काही आले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगावी की पुढे न्यावी, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. मी पुढे नेण्याच्या बाजूचा. १९८३ च्या भागांच्या शेवटी बंडखोर माणसं पाहुण्यांच्या शत्रूंना मदतीसाठी अंतराळात संदेश पाठवतात, आणि ‘फायनल बॅटल’ने तो धागा सोडूनच दिला. आता चाळीस वर्षं उलटली आहेत. पाहुण्यांच्या राज्यातच जन्मलेली, दुसरं काही न पाहिलेली पिढी, आटलेल्या नद्या, आणि त्या संदेशाला आलेलं उत्तर: इथून सुरुवात केली तर १९८३ मधलं काही खोडावं लागत नाही. पहिल्यापासून सांगायचीच असेल तर अब्राहमचं घर त्यात हवं, नाहीतर तिसऱ्यांदाही नुसती यानंच येतील.

काल रात्री भावाचा फोन आला. पहिला भाग संपला होता, मागे पाऊस कोसळत होता. त्याने एकच विचारलं, “तो नातू सुधारता काय रे पुढे?” मी सांगितलं नाही.