होली डॉमिनेटर ४५००: ड्रॅग शर्यतीच्या इंजिनासाठी हवेचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन सहज मिळत असतानाही पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, ड्रॅग शर्यतीसाठी मोठे व्ही-८ इंजिन बांधणारे अमेरिकेतील अनेकजण आजही कार्बोरेटरच निवडतात, आणि त्यांच्या यादीत होली कंपनीच्या ४५०० मालिकेतील डॉमिनेटर बहुधा सर्वांत वर असतो. हा कार्बोरेटर १९६९ साली फोर्डच्या नॅसकार शर्यतीच्या गाड्यांसाठी आला. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग शर्यत संघटनेच्या प्रो स्टॉक वर्गात टनेल-रॅम प्रकारच्या मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळांच्या जोडणीवर) असे दोन कार्बोरेटर शेजारी बसवलेले दिसत. २०१६ च्या मोसमापासून त्या वर्गात इंजेक्शन सक्तीचे झाले आणि हवा आत घेणारे बॉनेटवरचे उंच स्कूपही गेले. मी येथे ज्याच्याविषयी लिहीत आहे तो ८०८२ क्रमांकाचा, १०५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) क्षमतेचा डॉमिनेटर असून तो शेवर्लेच्या ४५४ घन इंची, म्हणजे सुमारे ७.४ लिटरच्या, बिग ब्लॉक इंजिनावर बसवलेला आहे. हवा खेचण्याच्या बाबतीत हा कार्बोरेटर उत्कृष्ट आहे. मात्र त्याची हवा आणखी ‘वाढवण्यासाठी’ खर्च केला जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी, हे माझे मत आरंभीच स्पष्ट करतो.

खोक्यावर छापलेला १०५० हा आकडा मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते सांगतो, पण कोणत्या परिस्थितीत, हे त्यावर लिहिलेले नसते. डॉमिनेटरसारखे चार बॅरलचे, म्हणजे हवेच्या चार वाटांचे, कार्बोरेटर पाऱ्याच्या १.५ इंच दाबफरकावर मोजण्याची रीत आहे, तर दोन बॅरलचे ३ इंचांवर. त्यामुळे ५०० सीएफएमचा दोन बॅरलचा कार्बोरेटर चार बॅरलच्या मापाने मोजला, तर जेमतेम ३५४ सीएफएमचा भरतो. दाबफरक हवेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि डॉमिनेटरची खरी किंमत समजून घ्यायची तर हाच नियम हाताशी ठेवावा लागतो. फोर-स्ट्रोक इंजिनाला लागणारी हवा काढण्यासाठी घन इंचांतील आकारमानाला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ३४५६ ने भागतात. ४५४ घन इंची इंजिन ७००० फेऱ्यांवर पूर्ण भरत असेल, तर त्याला सुमारे ९२० सीएफएम हवा लागते.

आता हीच ९२० सीएफएम हवा वेगवेगळ्या कार्बोरेटरमधून ओढून पाहू. ८५० सीएफएमच्या, होलीच्याच लहान ४१५० मालिकेतील, कार्बोरेटरमधून ती जाताना दाबफरक सुमारे १.७६ इंच येतो, १०५० च्या डॉमिनेटरमधून १.१५ इंच आणि ११५० च्या डॉमिनेटरमधून ०.९६ इंच. वातावरणाचा दाब ३० इंचांच्या आसपास धरला, तर ८५० वरून १०५० वर जाताना सिलिंडरपर्यंत सुमारे दोन टक्के अधिक दाट हवा पोहोचते. ७०० अश्वशक्तीच्या इंजिनाला कागदावर तेवढ्याने चौदा-एक अश्वशक्तीचा लाभ होतो. तेथून ११५० वर गेल्यास मिळतात ते फक्त चार-साडेचार अश्वशक्ती. मिश्रणाचा दर्जा आणि मॅनिफोल्डची घडण यांमुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे मागेपुढे होतात, परंतु पहिल्या पायरीवर बराच फायदा आणि दुसऱ्या पायरीवर अगदी थोडा, हा क्रम बदलत नाही. म्हणूनच ४५४ घन इंचांपर्यंतच्या, सात हजार फेऱ्यांच्या इंजिनासाठी मी १०५० चीच शिफारस करतो. ११५० चा कार्बोरेटर ५०० घन इंचांच्या पुढच्या आणि अधिक फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनांना शोभतो.

या क्षमतेमागे अवाढव्य रचना नाही, साधी सरळ मोजमापे आहेत. ८०८२ ची व्हेंचुरी, म्हणजे हवेच्या वाटेतला अरुंद गळा, १.६८७ इंचांची आणि थ्रॉटलचे बोअर (छिद्र) २ इंचांचे आहे, तर ८५० च्या डबल पंपर या ४१५० मालिकेतल्याच कार्बोरेटरमध्ये हीच मापे १.५६२ आणि १.७५ इंच आहेत. चोक नसल्यामुळे त्याचा उभा कठडा हवेच्या वाटेत येत नाही. जुन्या ४१५० वर तो कठडा कापून काढणे हा हवा वाढवण्याचा पहिला उपाय समजला जात असे. डॉमिनेटरच्या खरेदीदाराला त्या कामाची गरजच पडत नाही.

मोठ्या व्हेंचुरीची किंमत मात्र कोठेतरी मोजावी लागतेच. व्हेंचुरीतून जाणाऱ्या हवेचा वेग जितका कमी, तितकी बूस्टरपाशी, म्हणजे व्हेंचुरीत इंधन सोडणाऱ्या छोट्या कड्यापाशी, निर्माण होणारी ओढ कमी, आणि त्या ओढीवरच मेन जेटमधून (इंधन मोजून सोडणाऱ्या छिद्रातून) इंधन वर येते. कमी फेऱ्यांवर ही ओढ इतकी क्षीण होते की इंधन उशिरा आणि जाड थेंबांत येते, म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीला हा कार्बोरेटर मानवत नाही. ड्रॅग शर्यतीत ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गाडी रोखून धरणारा गिअरबॉक्समधला ब्रेक) आणि उंच स्टॉलचा, म्हणजे वरच्या फेऱ्यांवरच पकड घेणारा, टॉर्क कन्व्हर्टर असेल तर गाडी सुटतानाच इंजिन वरच्या फेऱ्यांवर असते आणि शेवटच्या रेषेपर्यंत तेथून फारसे खाली येत नाही. ॲन्युलर, म्हणजे वर्तुळावर अनेक छिद्रे असलेले, बूस्टर बसवले तर इंधनाचे तुषार अधिक बारीक होतात आणि ओढ लवकर मिळते, पण ते व्हेंचुरीतली थोडी जागा अडवतात. वजनदार गाडी किंवा कमी स्टॉलचा कन्व्हर्टर असेल, तर ही देवाणघेवाण मला फायद्याची वाटते. मूळचा मिकुनी कार्बोरेटर काढून मोठ्या बोअरचा कार्बोरेटर यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलवर चढवणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना खालच्या फेऱ्यांवर पिकअप मरण्याचा जो अनुभव येतो, त्याचे कारण नेमके हेच आहे.

आता हवा वाढवण्याच्या नावाखाली होणाऱ्या कापाकापीविषयी. थ्रॉटल पूर्ण उघडला की बटरफ्लायची (थ्रॉटलच्या फिरत्या चकतीची) कड, तिचा शाफ्ट आणि स्क्रूंची टोके एवढाच अडथळा वाटेत उरतो. शाफ्ट घासून चपटा करणे आणि स्क्रूंची बाहेर आलेली टोके कापणे हे उपाय जुने आहेत, आणि त्यांनी थोडी हवा वाढते हेही खरे आहे. तथापि घासलेला शाफ्ट मोठ्या बटरफ्लायच्या ताणाखाली वाकू शकतो, आणि टोक नीट ठोकून पक्का न केलेला स्क्रू सुटला तर तो थेट इनटेक व्हॉल्व्हकडे जातो. वर मांडलेला हिशेब पाहता, या पायरीवर मिळणाऱ्या तीन-चार अश्वशक्तींसाठी हा धोका पत्करावा असे मला वाटत नाही. ओतकामाच्या कडा हाताने हलक्या गुळगुळीत करणे आणि गास्केट बोअरच्या आत डोकावत नाही ना हे पाहणे, एवढे मात्र प्रत्येकाने करावे. त्यासाठी कोणत्याही दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

खरा फायदा कार्बोरेटरच्या वर आणि खाली आहे. वर हवेला आत शिरताना गोलाई मिळाली पाहिजे आणि झाकण किंवा स्कूपचे छत बोअरच्या फार जवळ असता कामा नये. पुढे तोंड असलेला स्कूप बॉनेटला चिकटून वाहणाऱ्या संथ हवेच्या थरापेक्षा उंच असावा. ताशी १५० मैल वेगाला स्कूपमध्ये सैद्धांतिकदृष्ट्या पाऱ्याचे ०.८ इंच इतका दाब जमू शकतो, म्हणजे ८५० वरून १०५० वर जाऊन जे मिळाले त्याहूनही काहीसे अधिक. अर्थात तो शर्यतीच्या पट्ट्याच्या शेवटी. मात्र फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या कप्प्यांच्या, श्वासनळ्या त्याच हवेत उघडतात आणि इंधनाचे प्रमाण त्यांच्यावर येणाऱ्या दाबाच्या आधारेच ठरते. स्कूपमधल्या हवेत भोवरे असतील तर पुढच्या आणि मागच्या बॅरलचे मिश्रण वेगवेगळे होते, आणि मग जेट कितीही बदलले तरी गाडी ठिकाणावर येत नाही.

खालच्या बाजूला, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये, स्पेसर आहे. उघड्या स्पेसरने मॅनिफोल्डच्या पोटातली जागा वाढते आणि हवेला वळायला सवड मिळते. चार भोकांच्या स्पेसरने बूस्टरची ओढ टिकते. कोणता लागू पडेल हे मॅनिफोल्डवर अवलंबून असते, म्हणून दोन्ही मागवून पट्ट्यावर तुलना करणे सर्वांत उत्तम. डॉमिनेटरचे बोल्ट ४१५० पेक्षा वेगळ्या अंतरावर असतात, त्यामुळे तो ४१५० च्या मॅनिफोल्डवर बसवायला ॲडॉप्टर मिळतो. तो वापरू नये असे मी आग्रहाने सांगेन. दोन इंचांच्या बोअरमधून आलेली हवा लगेच लहान भोकांत कोंबायची असेल, तर मोठ्या कार्बोरेटरवरचा खर्च वाया जातो. मॅनिफोल्डही डॉमिनेटरच्याच फ्लँजचा घ्यावा.

हवा वाढली की इंधनही त्या प्रमाणात पोहोचले पाहिजे. इंधनाचा दाब ६ ते ८ पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) दरम्यान, पूर्ण थ्रॉटलवरही, टिकायला हवा. गाडी सुटताना फ्लोट चेंबरमधले इंधन मागे सरकते. पुढच्या चेंबरमध्ये त्यामुळे जेट बुडालेलेच राहतात, मागच्या चेंबरमध्ये मात्र ते उघडे पडतात आणि नेमक्या सुटण्याच्या क्षणी मिश्रण पातळ होते. मागच्या जेटना लांब नळ्या लावून त्यांना जागा देणारे खाचेचे फ्लोट बसवणे हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, आणि सुटणे चांगले असलेल्या प्रत्येक गाडीत तो मी अनिवार्य मानतो.

उणिवाही सांगायला हव्यात. किंमत हजार डॉलरच्या वर जाते. जुन्या घडणीच्या बॉडीत एअर ब्लीड (इंधनात हवा मिसळणाऱ्या बारीक छिद्रांचे तुकडे) ठोकून बसवलेले असल्याने ते बदलता येत नाहीत. हे स्वातंत्र्य हवे असेल तर पेचाचे ब्लीड असलेली एचपी मालिका घ्यावी, आणि वजन कमी करायचे असेल तर ॲल्युमिनियमची अल्ट्रा. इंजेक्शनप्रमाणे हवेच्या बदलाशी आपोआप जुळवून घेणेही येथे नाही. डेनव्हरजवळची बँडिमेअर स्पीडवे, जी २०२३ मध्ये बंद झाली, समुद्रसपाटीपासून सुमारे ५८०० फुटांवर होती. समुद्रकिनाऱ्यावर लावलेली गाडी तेथे नेली की विरळ हवेमुळे मेन जेट लहान करावे लागत, दर २००० फुटांना साधारण एक क्रमांक या हिशेबाने.

वापरलेला डॉमिनेटर घेणार असाल तर बटरफ्लायचा शाफ्ट घासलेला आहे का आणि तो बॉडीत डुलतो का हे आधी पाहावे, स्क्रूंची टोके ठोकलेली आहेत का ते भिंगातून तपासावे, आणि जेट असलेला मीटरिंग ब्लॉक बसतो त्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फट दिसते का ते पाहावे. बोल्ट जास्त आवळल्याने वाकलेला पृष्ठभाग नव्या गास्केटनेही बंद होत नाही.