सायन ते मुलुंड, रांगेतून: रविवारच्या सायकल ग्रुप राइडचा रिव्ह्यू

एकट्याने पन्नास किलोमीटर सहज मारणारे लोकही वाऱ्याच्या आडोशासाठी दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून चालवायची वेळ आली की बिचकतात. त्यांनी ही राइड करावीच. साडेपाचला सायनहून निघून पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड आणि परत. सपाटीवर वेग ताशी २४-२५ किलोमीटर. आठ-आठ जणांची तुकडी, पुढे कॅप्टन, शेवटी स्वीप, म्हणजे कोणी मागे राहू नये हे बघणारा. शिकवणं अव्वल आहे, रांगेत पुढे राहणारा बदलण्याची पद्धत मात्र सुधारायला हवी.

अंतर सुरुवातीला एका सायकलीइतकं, हात बसला की अर्ध्यावर. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवायची नाही, त्याच्या खांद्यावरून रस्ता बघायचा. चाकाशेजारी चाक घुसवलं की कॅप्टन तिथल्या तिथे टोकतो, आणि टोकायलाच हवं. पुढच्याने खड्डा चुकवायला जरा वाकडं घेतलं की त्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासतं. पडतो तो जवळजवळ नेहमी मागचाच. वेग कमी करायचा तर ब्रेक शेवटी. आधी पेडल मारणं थांबवून पाठ ताठ करायची, वाराच वेग खातो. पुढच्याचा छोटा ब्रेक रांगेच्या शेपटाला पोहोचेपर्यंत करकचून लागतो.

उड्डाणपुलांवरचा धडा सगळ्यात मोलाचा. चढावर सीटवरून उठताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते. म्हणून आधी एक गिअर जड करायचा आणि पेडल खाली दाबता दाबताच उठायचं. पुलाचा सांधा आला की ओरडून सांगायचं आणि तो सरळ ओलांडायचा, तिरकं गेलं तर बारीक टायर फटीत अडकतो.

आता खटकलेलं. हिवाळ्यात पहाटेचा वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे मुलुंडकडे जाताना उजवीकडून. दमलेल्या पुढच्याने वारा येतो त्या बाजूला सरून रांगेच्या मागे जायचं हा पुस्तकी नियम इथे जसाच्या तसा पाळतात. त्यामुळे दमून मंदावलेला माणूस नेमका टँकर-डंपरच्या बाजूला उघडा पडतो. रांग कडेपासून मीटरभर आत ठेवून त्याला डावीकडे सोडावं. वाऱ्यापासून आडोसा थोडा कमी मिळेल, मिळू दे. परतीला वारा डावीकडूनच असतो, तेव्हा हा प्रश्न येत नाही.

जाताना स्वतःच्या मापाची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या) आणि पंप न्या. मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा, मागच्याच्या डोळ्यांवर येतो. एरोबार (कोपर टेकवून पुढे वाकायचे दांडे) लावलेली सायकल रांगेत घेत नाहीत, कारण त्यावर हात ब्रेकपासून लांब राहतात. पावसाळ्यात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे निसरडे होतात, नवशिक्यांनी ऑक्टोबरनंतर यावं.