लॅवनहॅममधलं कुडाचं घर : सोळा महिन्यांनंतर

इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या लॅवनहॅम गावात आम्हाला सोळा महिने झाले. पहिले सहा महिने भाड्याने राहिलो, मग त्याच गल्लीत घर विकत घेतलं. लाकडी सांगाड्याचं, पाचशे वर्षांहून जुनं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीतलं. तेव्हापासून असं घर घ्यावं का, असं बरेच मराठी मित्र विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

घर बघायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात कपाटामागचा गिलावा हातभर गळून पडला होता. आत काठ्यांची वीण, तिच्यावर थापलेली चिकणमाती आणि मातीत पेंढा. मी बोट फिरवलं आणि थेट राजापूरजवळच्या आजोळी पोचले. आजीच्या पडवीला कारवीचे कूड होते, वर शेणामातीचं लिंपण. इथे कारवीच्या जागी हेझेल नावाच्या झुडपाच्या काठ्या, एवढाच फरक. घर घ्यायचं मी तिथेच ठरवलं, नवऱ्याला पटायला आणखी दोन फेऱ्या लागल्या.

गावातली घरं वाकडी का, हे पाहुणे हमखास विचारतात. ओक ओला असतानाच कापायला, जोडायला सोपा जातो, म्हणून सुतार तो ओलाच वापरायचे. पुढे लाकूड वाळत गेलं तसं पिळवटलं आणि घरं कलली. आमच्या माजघरातल्या तुळईवर सांध्यापाशी रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरल्यात. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहायचा, कोणतं लाकूड कुठल्या खाचेत ते खुणेने ठरवायचं, मग उभा करायचा. सांध्यात खिळा नाही, लाकडी खुंट्या. संध्याकाळी दिव्याचा उजेड तिरका पडला की त्या रेघा स्पष्ट दिसतात. मी अजूनही रोज बघते.

आता दुखणं. आधीच्या कुणीतरी मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याच्या गिलाव्यातून ओल आत शिरली तरी पुन्हा बाहेर पडते. सिमेंटला बारीक चिरा जातात, पाऊस आत जातो आणि तिथेच कोंडतो. घेण्याआधी घर तपासून अहवाल देणाऱ्या आमच्या पहिल्या सर्व्हेयरने भिंतीला मीटर लावला, ‘ओल आहे’ लिहिलं आणि भिंतीत ओलरोधक रसायन टोचून घ्यायचा सल्ला दिला. तो ऐकला असता तर हजारो पौंड पाण्यात गेले असते. शेजारच्या आजींनी आग्रह धरला म्हणून जुन्या इमारतींचा जाणकार दुसरा सर्व्हेयर आणला. सोबतच्या सुताराने जमिनीलगतच्या आडव्या लाकडात, ज्यावर सगळे खांब उभे असतात, स्क्रूड्रायव्हर दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. मला रडू आलं. पाचशे वर्षं टिकलेलं लाकूड काही दशकांच्या सिमेंटने कुजवलं होतं. तेव्हा माझं कळकळीचं सांगणं : लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सर्वांत सखोल तपासणी, घ्याच, आणि तो करणाऱ्याला आधी विचारा, चुन्याचं काम तुम्ही किती पाहिलंय?

आम्ही किंमत कमी करून मागितली, मालकांनी ती मान्य केली. पण इथे ऑफर मान्य झाली म्हणजे घर आपलं झालं असं नाही. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत दोन्हीपैकी कुणीही मागे फिरू शकतं, आणि तोवर सॉलिसिटर म्हणजे वकील, सर्व्हे, सर्च म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदींची तपासणी, यांचा खर्च आपल्या खिशातून चाललेला असतो. आमची गाडी अडली ती ‘फ्लाइंग फ्रीहोल्ड’वर. आमच्या एका खोलीखाली शेजाऱ्यांचा बोळ आहे, म्हणजे ती खोली आमची, खालची जमीन त्यांची. जुन्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांत हे सर्रास असतं, पण एका बँकेने तेवढ्यावरून कर्ज नाकारलं. दुसरीने दिलं, त्यात सात आठवडे गेले. विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून घ्यावा लागतो, आणि माती-काठ्यांच्या भिंती म्हटल्यावर पुष्कळ विमा कंपन्या नको म्हणतात. तो आधीच शोधून ठेवा. स्टँप ड्यूटीचं गणित एप्रिल २०२५ पासून असं : १,२५,००० पौंडांपर्यंत काही नाही, पुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, त्यावर ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. म्हणजे चार लाखांच्या घराला दहा हजार. पहिलंच घर असेल तर पाच हजार.

लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भाग, हा गैरसमज काढून टाका. आतला जिना, दारं, चूल, सगळंच त्यात येतं. परवानगीशिवाय फेरफार करणं हा गुन्हा आहे. आमच्या खिडक्या एकेरी काचेच्या. दुहेरी काच बसवायला मिळाली नाही, आतून दुसरी चौकट लावायला मिळाली. छपरात वटवाघळं निघाली तर कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. गाव संवर्धन क्षेत्रात असल्यामुळे परसातलं मोठं झाड कापायचं तरी कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवायचं. मला हे जाचक वाटत नाही. पुण्यात वाडे कसे गेले ते डोळ्यांनी पाहिलंय.

हे गाव टिकलं ते मात्र कायद्यामुळे नव्हे, गरिबीमुळे. निळ्या लोकरी कापडाच्या व्यापारावर लॅवनहॅम एके काळी इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत गावांत मोडत होतं. चौकातला गिल्डहॉल, म्हणजे गावातल्या संघाचं सभागृह, त्याच काळातला, १५३० च्या आसपासचा. पुढे कोल्चेस्टरला आलेले डच निर्वासित हलकं, स्वस्त कापड विणू लागले आणि इथला धंदा बसला. नवी घरं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही, म्हणून जुनीच राहिली.

रोजच्या जगण्याचं थोडक्यात. रेल्वे १९६० च्या दशकात बंद झाली, जवळचं स्टेशन सडबरी, सात मैलांवर. गाडी हवीच. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी दारासमोर पार्किंग मिळत नाही आणि पर्यटक खिडकीतून आत बघतात. कढीपत्ता, तूरडाळ महिन्यातून एकदा इप्सविचहून. थंडी खरीखुरी आहे. भाड्याने राहायचंच तर हिवाळ्यात राहून बघा. चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, सर्वांत मोठी १६२५ ची. सरावाच्या संध्याकाळी त्या घुमू लागल्या की मी हातातलं काम ठेवते.

कुजलेलं लाकूड आम्ही बदललं, सुताराने नवा ओक जुन्याला खाच पाडून जोडला. त्या भागावर चुन्याचा गिलावा झाला, एकावर एक पातळ हात दिले, मधे ओली गोणपाटं टांगली. कौलाजवळच्या पट्टीवर मात्र सिमेंट अजून आहे. त्याचा अर्ज गेल्या सोमवारी कौन्सिलकडे पाठवला, उत्तराला साधारण आठ आठवडे लागतात. चुन्याला गोठवणारी थंडी चालत नाही, तेव्हा काम मे महिन्यात. शेजारच्या आजींनी त्यांच्या शेडमधला चुन्याचा जुना कुंचला आत्तापासूनच आणून दिलाय.